सनमायकाखालचं लाकूड

आमच्या ह्यांच्याकडे तरुणपणी कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता सत्तरी उलटल्यावर कॉलेजातून नुकत्याच सुटलेल्या मुली येऊन त्यांचे फोटो काढतात. कारखान्यात बसलेले, काम करताना, हसताना. हसा म्हटलं की हे दात दुखत असल्यासारखं तोंड करतात. कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची पत्र्याची शेड. एक लांब बाक, भिंतीवर हत्यारं, कोपऱ्यात पॉलिशचे डबे आणि मधोमध हे, कानाला दोरी बांधलेला चष्मा आणि हातात माझी इस्त्री. हो, माझी, कपड्यांची. तीन वर्षं झाली, आमच्या घरात सगळे चुरगळलेले कपडे घालतात.

काम असं की जुन्या फर्निचरवरचा सनमायका काढायचा. ज्यांच्या घरी आजीच्या संसारातली टेबलं-कपाटं आहेत, त्या पोरांना एकाएकी त्यांचा पुळका आलाय. बुटकी लांबट कपाटं, तिरक्या पायांची टेबलं, वेताच्या पाठीच्या खुर्च्या. त्यांचा त्याला एक शब्द आहे, मिड-सेंच्युरी. मला आधी वाटलं, सांधेदुखीचं नवीन औषध आलं असेल. मधल्या काळात आयांनी त्याच लाकडावर सनमायका लावून घेतलेला असतो, पांढरा, पिस्ता, चौकड्यांचा, आणि मुलांना तो आता डोळ्यांसमोर नको असतो. मग हे ओलं फडकं टाकून वरून इस्त्री फिरवतात, कडेने लोखंडाची पातळ पट्टी आत सरकवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत अख्खा तक्ता सालासारखा सुटून येतो. खाली सागवान असतं, चाळीस वर्षं झाकून ठेवलेलं, नव्यासारखं. तेलाचा बोळा फिरवला की त्याचे रंग वर येतात आणि त्या मुली तोंडावर हात ठेवून उभ्या राहतात.

जन्मभर चिकटवलं आणि उतारवयात सोलत बसलेत, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि हसायचे. हे कधी त्यावर हसले नाहीत. पण हे तसेही कशावर हसतात म्हणा, म्हणून मी सोडून दिलं.

हे मूळचे माझ्या बाबांकडचे कारागीर. बाबांच्या आधी आमच्याकडे फर्निचर म्हणजे चार जणांनी मिळून उचलायचं धूड असायचं. वेलबुट्टी काय, वाघाचे पंजे काय, आणि त्या नक्षीत बसलेली धूळ काढता काढता बायकांची नखं झिजायची. बाबांना कुठल्याशा परदेशी मासिकाचं एक पान मिळालं होतं. त्यावर एक खुर्ची होती, तिच्यावर नक्षी नावाला नव्हती. ते पान खिशात घालून ते महिनाभर फिरले. मग तशी खुर्ची केली, मोडली, परत केली, आणि तिसऱ्या खेपेला जी झाली ती त्यांची स्वतःची झाली. त्यांचा नियम एकच. घरातल्या बाईला खुर्ची एका हाताने उचलता आली पाहिजे, केर काढताना तिला कुणाला हाक मारावी लागता कामा नये. म्हणून जिथे जोर येत नाही तिथलं लाकूड ते काढत जायचे. टेबलाचा पाय वर मनगटाएवढा आणि जमिनीशी अंगठ्याएवढा. नवीन गिऱ्हाईक त्यावर ताट ठेवायलाही बिचकायचं. वीस वर्षांनी तेच टेबल तसंच उभं असायचं.

हे आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. दोन वर्षांत त्यांचा हात असा बसला की बाबांनी केलेला जोड कुठला आणि ह्यांनी केलेला कुठला, हे आईलाही ओळखू येईना. बाबांनी मुलगी दिली ती त्यांचा हात बघून. मला विचारलं असतं तर मी डोक्यावरचे केस बघून हो म्हटलं असतं, तेव्हा भरपूर होते.

आमच्या लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच सनमायका आला. आता सगळे त्याला नावं ठेवतात, पण त्या वेळी तो बायकांना देवासारखा भेटला होता. पॉलिशच्या टेबलावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठायचं. पाणी सांडलं की डाग. दर चार वर्षांनी पॉलिशवाला येऊन घरभर वास करून जायचा आणि आठ दिवस पोरांना हाकलत बसावं लागायचं. सनमायकावरून ओलं फडकं फिरवलं की काम संपलं. मला तो फार आवडला होता. आज खोटं बोलून काय उपयोग आहे.

ह्यांना बोलता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही, त्यामुळे धंद्याची वाटणी आपोआप झाली. चिकटवायचे ते हे, आणि घराघरांत जाऊन पटवायचे ते मी. सनमायकाचे हातभर नमुने एका तारेत ओवून मी खांद्याला लटकवायचे आणि सकाळी पुरुष कामावर गेले की निघायचे. कुठे निघायचे? तर बाबांच्या गिऱ्हाइकांकडे. ती घरं मला लहानपणापासून माहीत होती. बिल पोचवायला, पॉलिशचा डबा द्यायला मीच जायचे. दार उघडणारी बाई मला ओळखायची, बस म्हणायची, चहा टाकायची. मग मी तार उलगडून टेबलावर पसरायचे, बाबांच्याच टेबलावर, आणि विचारायचे की बाई, ह्यातला कुठला तुमच्या पडद्यांना शोभेल. सात वर्षांत बाबांच्या हातचं एकूणएक काम आम्ही दोघांनी झाकून टाकलं. तेव्हा मला ते असं दिसलं नाही. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की आमचं बस्तान बसतंय.

बाबांकडे नवीन कामं येईनाशी झाली. लोक दुकानातून भुशाच्या फळ्यांची तयार कपाटं आणायला लागले. बाबा बाटल्यांच्या कारखान्यात खोकी ठोकायला जायला लागले आणि शेवटची नऊ वर्षं त्यांनी तेच केलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते आणि वरचढही ठरले असते, हे त्यांना माहीत असणार. ते गेले तेव्हा त्यांच्या हातचं एकही लाकूड आमच्याकडे नव्हतं. स्वतःच्या घरासाठी त्यांनी उरलेल्या फळकुटांखेरीज कधी काही वापरलं नाही, आणि मलाही तेव्हा मागावंसं वाटलं नाही.

आता मात्र वाटायला लागलं. रोज शेडमध्ये कुणा ना कुणाचं लाकूड उघडं होत होतं. कुठल्या गावच्या, कुठल्या कारागिराचं, कोण जाणे. मी चहा द्यायला जायचे आणि बघत उभी राहायचे. माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं डॉक्टर पुढे ढकलतायत. मनात एकच होतं, की ही नजर जायच्या आत बाबांचं एक काम, एकच, ह्या सनमायकातून बाहेर आलेलं बघायचं. ह्यांनाही मी ते स्पष्ट सांगितलं होतं. हे हं म्हणाले होते.

आणि गंमत अशी की बाबांच्या घरांपैकी कुणाचा फोन आला की ह्यांचं घोडं अडायचं. वकिलांच्या सुनेने विचारलं तर म्हणाले, त्याला आतून वाळवी आहे. न बघता कळलं ह्यांना. दुसऱ्या एकांना सांगितलं की महिनाभर वेळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाचं कपाट घेतलं. एकदा, दोनदा मी गप्प बसले, म्हणजे मला जमेल तेवढी. मग मला राग यायला लागला. बाबांचं काम पुन्हा लोकांसमोर येऊ नये असं ह्यांना वाटतं की काय, असंही माझ्या मनात आलं. जावई कितीही चांगला असला तरी मनात कुठे सासऱ्याशी बरोबरी असतेच, असं म्हणून मी मनातल्या मनात त्यांना दोषी ठरवून मोकळी झाले. आज त्याची लाज वाटते.

मग मोठ्या बाईंची भाची आली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं घर आता ह्या भाचीकडे आलंय. तिने फोनवर फोटो दाखवला आणि मी फोन तिच्या हातातून ओढूनच घेतला. बाबांचं बुटकं कपाट. मांडीएवढं उंच, माणसाहून लांब, पुढे तीन सरकती दारं. वर पिस्ता रंगाचा सनमायका, तो रंग मीच निवडून दिला होता. त्या कपाटासाठी बाबा चौदा महिने एका फळीची वाट बघत थांबले होते. तिन्ही दारं एकाच फळीतून कापलेली, त्यामुळे लाकडातली रेषा पहिल्या दारात सुरू व्हायची ती थेट तिसऱ्यात संपायची, मध्ये कुठे तुटायची नाही. मी तेरा वर्षांची होते. बाबांनी मला समोर उभं केलं, दारं उघडली, मिटली आणि म्हणाले, बघ, जोड कुठे आहे ते दाखव. मला दाखवता आलं नव्हतं.

हे फोटो बघून म्हणाले, "ते निघणार नाही, ताई."

"का हो काका? सगळे म्हणतात तुमच्याइतकं छान कुणी काढत नाही."

"हे नाही निघायचं."

ती बिचारी गेली. मी ह्यांच्यावर तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, माझ्या बाबांनी तुम्हाला धंदा शिकवला, पोटाला लावलं, आणि त्यांचं एक कपाट उघडं करायला तुमचा हात जड होतो? हे ऐकून घेत राहिले. मी म्हटलं, बोला की काहीतरी. हे म्हणाले, "मजबूत बसलंय ते." मला तो बहाणा वाटला.

गुरुवारी हे लाकडाच्या वखारीत जातात. मी भाचीला फोन केला, टेम्पो बोलावला आणि कपाट शेडमध्ये आणून ठेवलं. हे परत आले, दारात थांबले, आणि पिशवी खाली न ठेवता म्हणाले, "परत पाठव."

"नाही पाठवणार. तुम्ही नाही काढलात तर मी काढते." मी इस्त्री लावलीसुद्धा. तिचा लाल दिवा विझायची वाट बघत मी फडकं पिळत होते. हे आले आणि त्यांनी इस्त्री माझ्यासमोरून उचलून घेतली.

अकराला सुरुवात झाली. मधल्या दारापासून. इतर कामांत दहा मिनिटांत तक्ता उचलतो, इथे अर्धा तास झाला तरी पट्टीचं टोक आत जाईना. फडकं वाळायचं, मी ओलं करून द्यायचे. मग नखाएवढा तुकडा निघाला. मग आणखी एक. एक वाजला, जेवायला हे उठले नाहीत. सगळा सनमायका असा कपचे उडून निघत होता आणि खाली पांढरा गोंद खरजेसारखा राहत होता. चार वाजले तेव्हा एक दार मोकळं झालं. ह्यांनी ते ओल्या बोळ्याने पुसलं, बाकावर आडवं ठेवलं आणि दिव्याची दांडी माझ्याकडे वळवली.

लाकूड होतं, बाबांचंच होतं, ती रेषाही होती, डावीकडून येऊन उजवीकडे जाणारी. आणि तिच्यावरून, वरपासून खालपर्यंत, आडव्यातिडव्या रेघा. एकमेकींना छेदणाऱ्या, बोटाबोटाच्या अंतरावर, शेकडो. मी बोट लावलं तर नख आत गेलं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"मी," हे म्हणाले. "करवतीच्या पात्याने. गोंद धरावा म्हणून."

मग चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं ते एका दमात बोलले. बाकीचे लोक पॉलिशवरच गोंद फासून सनमायका दाबायचे. दोन वर्षांत कोपरे उचकटायचे, गिऱ्हाईक बोंबलत यायचं. ह्यांना ते पटायचं नाही. काम करायचं तर पक्कं करायचं, हे बाबांनीच शिकवलेलं. म्हणून हे आधी सगळं लाकूड करवतीने ओरबाडून घ्यायचे, चांगलं खोल, म्हणजे गोंद आत मुरतो. "तूच सांगत फिरायचीस ना," हे म्हणाले, "आमच्या माणसाचा सनमायका जन्मात उचकटत नाही म्हणून."

मी सांगत फिरायचे. अगदी ह्याच शब्दांत. अळंटळं करणाऱ्यांनी जे झाकलं ते आज अख्खं बाहेर येतंय, आणि ह्यांनी मन लावून केलं म्हणून बाबांचं एकही शाबूत नाही.

"घासून जाणार नाही का?" मी विचारलं.

"दार जाडीला अर्धं बोटच आहे. रेघा जातील तेवढं घासलं तर पुठ्ठा राहील हातात."

"सगळीकडे असंच आहे?"

"सगळीकडे."

मी तिथेच बाकाच्या टोकावर बसले. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडायचं तेच समजेना. ह्यांना म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? हे म्हणाले, "कसं सांगू? गिऱ्हाइकं तू आणली होतीस." म्हणजे तीन वर्षं हा माणूस वाळवीच्या थापा मारत होता तो मला माझा वाटा दिसू नये म्हणून. आणि मी त्याला मत्सरी ठरवून बसले होते.

थोड्या वेळाने हे म्हणाले, "ह्या कपाटाला सनमायका लावत होतो तेव्हा बाबा आले होते."

हे मला माहीत नव्हतं. मोठ्या बाईंनी बाबांना घरी सहज बोलावलं होतं, कसली तरी खिडकी बघायला. हे पुढच्या खोलीत होते. दारं ओरबाडून भिंतीला टेकवून ठेवलेली. वरच्या फळीवर गोंद लावून सनमायका टाकलेला, आणि तो दाबून धरायला वजन कमी पडत होतं. दोन विटा, पाण्याची बादली, मोठ्या बाईंची पुस्तकं, सगळं ठेवून झालं होतं. बाबा दारात उभे राहिले. त्यांनी भिंतीशी ठेवलेली दारं बघितली. मग विचारलं, वजन पुरतंय का? हे म्हणाले, नाही. बाबा आत आले, चपला काढल्या आणि त्या कपाटावर चढून बसले. गोंद धरायला दोन तास लागतात. दोन तास ते स्वतःच्या कपाटावर बसून राहिले. मोठ्या बाईंनी चहा दिला तो त्यांनी तिथेच बसून प्यायला. उठल्यावर हात फिरवून बघितला आणि म्हणाले, ह्या कोपऱ्याला गोंद कमी पडलाय, बघून घे.

"मला वाटलं होतं कानाखाली वाजवतील," हे म्हणाले. "वाजवली असती तर बरं झालं असतं."

मी बाबांवरही रागावले. मेलेल्या माणसावर रागावून काय मिळतं, पण रागावले. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? उरलेली घरं तरी वाचली असती. त्यानंतरही तीन वर्षं मी ती तार खांद्याला लटकवून फिरत होते. मग रडू आलं ते आवरेना, आणि हे पट्टी पुसत बसले. त्यांना माझी समजूत काढता येत नाही, कधीच आली नाही.

उरलेलं कपाट सोलायला नऊ दिवस लागले. भाची बघायला येणार होती त्या दिवशी मी सकाळपासून तिची माफी कशी मागायची ते घोकत होते. ती आली, समोर बसली, दारावरून हात फिरवला.

"काका, हे इतकं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं मला."

ह्यांनी मान वर केली. म्हणाले, "ओरखडे आहेत ते, ताई. करवतीचे. मी पाडलेले."

"तेच तर. किती वेगळं दिसतंय. अशी डिझाइन मी कुठेच बघितली नाही. ह्याला हात लावू नका हं, असंच पॉलिश करा."

मी समजावून सांगितलं. बाबांचं, फळीचं, सनमायकाचं, सगळं. ती ऐकत होती, मान डोलवत होती, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं तिच्या. पोरगी वाईट नाही. पण सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे एक थर आजोबांचा आणि एक काकांचा. किती छान आहे हे." तिने फोटो काढले आणि त्याखाली तेच लिहून टाकलं, सासरे आणि जावई, दोघांच्या हातचं काम. ह्यांनी पॉलिश करून दिलं. पॉलिश रेघांत जास्त मुरतं, त्यामुळे त्या आणखी काळ्या दिसायला लागल्या. चार दिवस हे शेडमधून जेवायला आले की हात धुवायला फार वेळ लावायचे.

तो फोटो कुठे कुठे फिरला कोण जाणे. तीन आठवड्यांनी एक गृहस्थ आले, चाळिशीचे, नीटनेटके, बोलायला गोड. त्यांच्या टेम्पोत एक गोल टेबल होतं, गोधडीत गुंडाळलेलं. त्यांची एक मावशी होती, कायम परगावी नोकरीला. तिचं इथलं घर वर्षानुवर्षं कुलूपबंद होतं, आता ते उघडलं तेव्हा हे मिळालं म्हणाले. गोधडी निघाली. हे खाली वाकले, हात टेबलाखाली घातला, पाय जिथे वर मिळतो तिथे बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलायची गरज नव्हती. तीन पाय, खाली अंगठ्याएवढे.

ते घर बंद होतं, म्हणून माझी तार तिथे पोचली नव्हती.

त्यावर सनमायका नव्हता. कधीच नव्हता. धुळीखाली पॉलिश कुठे कुठे गेलं होतं, एका बाजूला कपाचं पांढरं वर्तुळ होतं, बाकी बाबांनी हात काढून घेतला तेव्हा होतं तसं. मी पदराने पुसलं. मधोमध दोन फळ्या जोडलेल्या होत्या, आणि माझ्या चांगल्या डोळ्याला जोड सापडला नाही. मी दोन्ही हात त्यावर ठेवून उभी राहिले. इतकी सुखात मी किती वर्षांत नव्हते, सांगता येणार नाही.

त्या गृहस्थांनी फोन काढला, कपाटाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, "ह्यावर अशा रेघा मारून हव्यात. तुमचीच खासियत आहे ना ही?"

हे म्हणाले, "नाही मारणार."

"का?"

मी सांगायला लागले. हात जोडून सांगितलं, हे असंच राहू द्या, ह्याच्यासारखं दुसरं उरलेलं नाही. पॉलिश हवं तर आम्ही करून देतो, फुकट देतो. विकणार असाल तर सांगा, आम्ही कसंही करून घेतो. ते अवघडले. म्हणाले, विकायचं नाही हो, मावशीची आठवण आहे. पण असं साधं टेबल बायकोला नको वाटतंय, फोटोतलं फार आवडलंय तिला. मग ह्यांच्याकडे वळून अगदी आदराने म्हणाले, "काका, आग्रह नाही. आमच्या ओळखीचा एक सुतार आहे, त्याच्याकडून करून घेतो. रेघाच तर मारायच्यात."

मला गप्प बसवेना, शेवटपर्यंत बोलत होते, आणि माझ्या बोलण्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं मन वळलं नाही. टेबल परत गोधडीत गुंडाळलं. ड्रायव्हर एकटाच होता, तो ते ओढायला लागला, तेव्हा हे पुढे झाले, म्हणाले, थांब, असं नाही. त्यांनी ते एका हाताने उचललं, टेम्पोत ठेवलं, वर चढले, आणि वाटेत पायाला धक्का लागू नये म्हणून तिन्ही पायांना नीट फडकी बांधून दिली.